मुलांचं पहिलं धनुष्य: वाढत्या अंगाचं नको, आजच्या मापाचं घ्या

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो. बूट एक नंबर मोठे घेतो आणि पुढे कापूस कोंबतो. सायकलही "दोन-तीन वर्षं तरी चालली पाहिजे" म्हणून सीटवरून पाय टेकणार नाहीत एवढी मोठी आणतो. पैसा जपून वापरणाऱ्या घरांची ही सवय आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त धनुष्य घेताना ती बाजूला ठेवावी लागते.

मी ठेवली नाही. माझी लेक दहा वर्षांची होती, तिरंदाजीच्या वर्गाला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ओळखीतून एक वापरलेलं धनुष्य स्वस्तात मिळत होतं, २४ पाउंडांचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं. मोठी होईल तसं पेलेल, असा विचार करून मी ते घेऊन टाकलं. दोरी ओढताना ती कमरेतून मागे वाकायची, उजवा खांदा कानापर्यंत चढायचा, विहिरीतून भरलेली कळशी वर ओढावी तसं तोंड व्हायचं. अधूनमधून बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या रिंगणातही लागायचा, म्हणून मला वाटलं की जमतंय. महिनाभरात ती रात्री कुशीवर वळताना कण्हायला लागली. मग एका संध्याकाळी बूट हातात घेऊन दारात बसली आणि म्हणाली, "आई, मला नाही जायचं."

तिच्या सरांनी ते धनुष्य काढून घेतलं आणि वर्गातलं १२ पाउंडांचं लाकडी धनुष्य तिच्या हातात दिलं. अंतर पाच मीटर. लक्ष्यावर रिंगणांचा कागदही लावला नाही, नुसता गवताचा गठ्ठा. आठवड्याभरात तिचे खांदे खाली आले. ती आजही खेळते. त्यानंतर वर्गात नवीन आलेल्या पालकांशी बोलताना मी पहिल्यांदा हेच सांगते, आणि इथे तेच जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन महिने काहीच विकत घेऊ नका

धनुष्य निवडण्याची पहिली पायरी म्हणजे न घेणं. बहुतेक वर्गांमध्ये नवशिक्यांसाठी सामायिक धनुष्यं असतात. सहा ते आठ आठवडे मूल त्यावरच खेळू द्या. तेवढ्यात तीन गोष्टी कळतात: मुलाला याची खरंच गोडी आहे का, ते कोणत्या हाताने खेळणार आणि किती ताणाचं धनुष्य त्याला सहज ओढता येतं. या तिन्ही गोष्टी दुकानदाराला फोनवर सांगता आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर खरेदीची वेळ झालेली नाही असं समजा.

वयाचं म्हणाल तर आठ-नऊ वर्षांपासून मूल शिस्तीने शिकू शकतं. त्याआधी हौस म्हणून खेळू द्यायला हरकत नाही, पण सूचना ऐकून जागच्या जागी थांबणं जमत नसेल तर त्या मुलाच्या हातात खरा बाण देऊ नये. "थांब" म्हटल्यावर जे मूल थांबतं ते तयार आहे. वयापेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते.

जत्रेत किंवा मॉलमध्ये रबरी टोकाच्या बाणांचं प्लास्टिकचं धनुष्य मिळतं. खेळणं म्हणून ते ठीक आहे. त्यावर ओढण्याची सवय मात्र चुकीची लागते, कारण त्याची दोरी हनुवटीपर्यंत येतच नाही. शिकण्यासाठी ते घेऊ नका.

डोळा कोणता, ते घरीच बघा

धनुष्य उजव्या किंवा डाव्या हाताचं असतं. उजव्या हाताचं म्हणजे डाव्या हातात धरून उजव्या हाताने दोरी ओढायची. मूल कोणत्या हाताने लिहितं यावरून आपण लगेच ठरवून टाकतो. पण नेम डोळ्याने धरायचा असतो, आणि दोन डोळ्यांपैकी एक डोळा नेमाच्या कामात पुढे असतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मुलाला भिंतीवरच्या घड्याळापासून चार-पाच मीटर लांब उभं करा. दोन्ही हात समोर सरळ ताणून, दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांपाशी छोटीशी खिडकी करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून घड्याळ बघायचं. आता हात न हलवता आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो नेमाचा डोळा. कशाची चाचणी आहे हे मुलाला आधी सांगू नका, नाहीतर ते "बरोबर उत्तर" द्यायला बघतं. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करून बघा.

डोळा आणि हात एकाच बाजूचे असतील तर प्रश्नच नाही. उलटसुलट असतील, म्हणजे लिहायला उजवा आणि नेमाला डावा डोळा, तर सुरुवातीलाच डोळ्याच्या बाजूने शिकवणं सोपं जातं. नवशिक्या मुलाचे दोन्ही हात या कामाला सारखेच अनोळखी असतात. तरी शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा, कारण काही मुलांना दुसरा डोळा झाकून चांगलं जमतं. वर्गातल्या धनुष्यावरचे दोन महिने याचसाठी हवेत. चुकीच्या हाताचं धनुष्य बदलून मिळणं अवघड असतं.

बांबू, रिकर्व्ह की कंपाउंड

आपल्याकडे स्पर्धांमध्ये तीन प्रकार दिसतात. इंडियन राउंडमध्ये बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य, त्याला नेमासाठी कसलंही साधन नाही, आणि अंतरं ५० आणि ३० मीटर. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. ऑलिंपिकमध्ये आजवर आपण जे बघत आलो ते हेच, ७० मीटरवरून. कंपाउंडला दोन्ही टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढल्यावर ती चाकं बराचसा ताण स्वतःवर घेतात, आणि दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या छोट्या उपकरणाच्या बटणाने सोडतात.

सातारा-नागपूरकडच्या पालकांना थेट कंपाउंडच हवं असतं, आणि त्याचं कारणही मोठं गोड आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी कंपाउंडमध्ये वैयक्तिक विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं सुवर्ण जिंकलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आली आहे. त्यामुळे मुलाचा ओढा तिकडे असेल तर त्यात चूक काहीच नाही.

तरीही पहिलं धनुष्य म्हणून माझा कौल साध्या, सुट्या भागांच्या रिकर्व्हला आहे. मधला दांडा, म्हणजे रायझर, लाकडी. आणि वरखाली स्क्रूने बसवलेली दोन पाती, ज्यांना मैदानावर लिम्ब म्हणतात. मूल वाढलं की फक्त लिम्ब बदलायचे, रायझर तोच राहतो. शिवाय दोरी बोटांनी ओढताना आणि सोडताना पाठ, खांदा आणि बोटं जे शिकतात ते पुढे कंपाउंडवरही कामी येतं. कंपाउंड घ्यायचंच असेल तर मुलाच्या ओढीच्या मापाप्रमाणे, म्हणजे ते दोरी किती इंच मागे ओढतं त्याप्रमाणे, ते जुळवून देणारा आणि दोरी-तारा बदलण्याचं यंत्र असलेला माणूस जवळपास असला पाहिजे. ते काम घरी करायचं नसतं.

बांबूच्या धनुष्याला कमी लेखू नका. त्याच्यावर नेम धरायला काहीच नसल्यामुळे मूल अंगाच्या ठेवणीकडे लक्ष द्यायला शिकतं, आणि खर्चही सगळ्यांत कमी. दीपिका कुमारीची सुरुवातसुद्धा झारखंडमध्ये बांबूच्या घरगुती धनुष्यानेच झाली. तुमच्या तालुक्यातला प्रशिक्षक इंडियन राउंड शिकवत असेल तर बिनधास्त तिथून सुरू करा. प्रकार कोणता यापेक्षा शिकवणारा कोण आणि किती जवळ, हा प्रश्न मोठा आहे. स्पर्धेचा पूर्ण रिकर्व्ह संच लाखांच्या घरात जातो, तर शिकाऊ लाकडी संच काही हजारांत येतो. पहिल्या दोन वर्षांत त्या लाखांची गरज पडत नाही.

ताण किती: इथे घाई करू नका

धनुष्याचा ताण पाउंडात मोजतात. खालच्या लिम्बवर आतल्या बाजूला तो लिहिलेला असतो: धनुष्याची लांबी ६२, ताण १८, आणि शेजारी २८ इंच. या २८ कडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. लिहिलेला ताण दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो, आणि दहा वर्षांचं मूल तेवढी ओढतच नाही. ते ओढतं २१-२२ इंच. हलक्या धनुष्यात एका इंचाला साधारण एक पाउंड कमी धरा. म्हणजे १८ लिहिलेलं धनुष्य त्या मुलाच्या बोटांवर १२ च्या आसपास येतं.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी कामाचा आहे. एकीकडे, १८ आकडा बघून घाबरायचं कारण नाही. दुसरीकडे, मुलाची उंची वाढली की त्याच धनुष्याचा ताण आपोआप वाढतो. दोन इंच ओढ वाढली म्हणजे दोन पाउंड वाढले, खिशातून एक रुपया न जाता. वाढत्या अंगाची सोय धनुष्यातच केलेली आहे. वरून आपण आणखी वाढवून घेतलं तर मुलावर दुप्पट भार पडतो.

बोटांवर प्रत्यक्ष येणारा ताण मी असा धरते: आठ-नऊ वर्षांच्या मुलाला १० ते १२ पाउंड, दहा ते बारा वर्षांच्या मुलाला १२ ते १६, तेरा-चौदाच्या मुलांना १६ ते २०. अंगाने बारीक असेल तर खालचा आकडा. टीव्हीवर दिसणारे पुरुष तिरंदाज ४५-५० पाउंड ओढतात. त्यांच्यामागे रोजचे शेकडो बाण आणि कित्येक वर्षं असतात. त्या आकड्याशी तुलना मुलाच्या डोक्यात घालूच नका.

आकड्यांपेक्षा चाचणी महत्त्वाची. वर्गात प्रशिक्षकासमोर या दोन करून घ्या.

पहिली: दोरीला बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून, पूर्ण ओढायचं आणि हनुवटीखाली हात टेकवून दहा सेकंद थांबायचं. मग बाण न सोडता हळूहळू दोरी परत आणायची. असं एका मिनिटाच्या अंतराने पाच वेळा. पाचव्या वेळी हात थरथरला, खांदा वर चढला किंवा अंग मागे झुकलं तर धनुष्य जड आहे.

दुसरी: स्टुलावर बसायचं, दोन्ही पाय जमिनीपासून किंचित उचलायचे आणि बाण न लावता दोरी सरळ समोर ओढून तशीच हळू परत आणायची. पाय अधांतरी असले की कमरेचा आणि वजनाचा जोर लावता येत नाही, जे काय करायचं ते पाठीने. ओढण्यासाठी धनुष्य आकाशाकडे न्यावं लागलं किंवा अंगाला पीळ द्यावा लागला, तर दोन पाउंड खाली या.

यातली एक गोष्ट मुलाकडून आधी घोटून घ्या: बाण नसताना ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाण असला की लिम्बची ताकद बाणात जाते. तो नसला की ती ताकद लिम्बवरच उलटते. लिम्ब तडकू शकतो, कंपाउंडची दोरी चाकावरून उतरू शकते, आणि तुकडा तोंडावर उडू शकतो. पाहुण्यांच्या पोरांनी धनुष्य हातात घेतलं की पहिल्यांदा हेच करतात. म्हणून धनुष्य दिवाणखान्यात खुंटीला लटकवू नका, पिशवीत ठेवा.

जड धनुष्याचं नुकसान दुखण्यावर थांबत नाही. मूल ताण सहन होत नाही म्हणून नेम लागायच्या आधीच बाण सोडायला शिकतं, आणि ही घाई एकदा अंगात भिनली की काढायला वर्षं जातात. वाढीच्या वयात खांद्याच्या हाडांची टोकं अजून कोवळी असतात. खांदा किंवा कोपर सलग दोन-तीन दिवस दुखत असेल तर तेल चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका. खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

लांबी आणि हातातलं वजन

ओढीचं माप घरी असं काढा. मुलाला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायला सांगा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, अडीचने भागा. १४० आलं तर ५६ सेंटिमीटर, म्हणजे २२ इंच. हा अंदाज आहे. खरं माप प्रशिक्षक खुणा केलेल्या लांब बाणावर घेतात.

त्यावरून धनुष्याची लांबी ठरते. २० इंचांपर्यंत ओढ असेल तर ५४ इंची, २० ते २२ ला ५८, २२ ते २४ ला ६२, त्यापुढे ६४-६६. धनुष्य आखूड पडलं तर ओढल्यावर दोरीचा कोन फार चिंचोळा होतो आणि बोटं त्यात चिमटली जातात. दोन मापांच्या मधे अडकलात तर लांब घ्या. धनुष्याच्या बाबतीत "थोडं मोठं घ्या" असं मी फक्त इथेच म्हणते आहे.

आणि वजन. ताण वेगळा, धनुष्य हातात किती जड लागतं ते वेगळं. एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली मुलाला हात सरळ ठेवून धरायला सांगा आणि अर्ध्या मिनिटाने चेहरा बघा. धातूच्या मोठ्या रायझरचं धनुष्य याहूनही जड भरतं, त्यावर साइट (नेम धरायचं साधन) आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे) लावले की आणखी. लाकडी रायझर हलका असतो. सुरुवातीला तोच बरा.

बाण धनुष्याइतकेच महत्त्वाचे

बाण आखूड असणं धोक्याचं आहे. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक धनुष्याच्या पुढे किमान दोन-तीन इंच राहिलं पाहिजे. आखूड बाण ओढताना रेस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या आधारावरून, मागे घसरतो, आणि सुटला तर थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. मूल वाढतं, हात लांबतो, आणि गेल्या दिवाळीला बरोबर असलेला बाण या दिवाळीला आखूड झालेला असतो. म्हणून पहिले बाण मुद्दाम तीन-चार इंच लांब घ्या, आणि दर काही महिन्यांनी मुलाला पूर्ण ओढायला लावून बाजूने बघा.

बाणाचा कडकपणाही बघावा लागतो. हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागतो. कडक बाण त्यातून वाकडा जातो आणि मुलाला वाटतं की आपलंच चुकतंय. कडकपणाचा आकडा बाणावर छापलेला असतो आणि तो उलटा चालतो: आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. मुलांच्या धनुष्याला हजाराच्या पुढचे बाण लागतात. नक्की कोणता, हे ताण आणि बाणाची लांबी सांगून विचारा. शेजारच्या दादाचे जुने बाण फुकट मिळाले तरी ते मोठ्या ताणासाठीचे असतात, हे लक्षात असू द्या.

सुरुवातीला फायबरग्लासचे बाण दणकट आणि स्वस्त, ॲल्युमिनियमचे सरळ जातात पण वाकतात. कार्बनचे हलके आणि चांगले. पण त्यांना चीर गेली आणि लक्षात आली नाही तर सुटताना फुटून त्याचे तुसासारखे धागे हातात घुसतात. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी लक्ष्यातून काढल्यावर दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवायचा आणि कानाजवळ नेऊन कटकट ऐकू येते का बघायचं. आली की तो बाण मोडून टाका, म्हणजे चुकून परत भात्यात जाणार नाही. माझी लेक हे इतक्या सवयीने करते की पाहणाऱ्याला वाटावं, ती बाणाशी काहीतरी बोलते आहे.

आठ बाण घ्या. सहा खेळायला, दोन हरवायला. गवतात शिरलेला बाण सापडता सापडत नाही, म्हणून पिसं भडक रंगाची असू द्यात.

सोबत काय लागतं

धनुष्य धरलेल्या हाताला बांधायचा आर्मगार्ड, दोरी ओढणाऱ्या बोटांना जपणारा फिंगर टॅब आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर. ही तीन धनुष्याबरोबरच घ्या, नंतर नाही. पहिल्या दिवसांत दोरी कोपराच्या आतल्या बाजूला सटकन बसते आणि पिकल्या जांभळासारखा डाग उठतो. एकदा तो फटका बसला की मूल सोडताना हात आखडून घेतं. आर्मगार्ड कोपरापर्यंत पोचणारा हवा, मनगटावरचा छोटा नको. टॅब मुलाच्या पंजाच्या मापाचा. मोठ्यांचा टॅब बोटांबाहेर लोंबतो आणि दोरीला अडतो. छातीवर बांधायचा चेस्ट गार्ड सैल टी-शर्ट आणि ओढणी दोरीपासून दूर ठेवतो. केस बांधलेले, गळ्यातलं-कानातलं काढलेलं. भाता कमरेचा, साधा.

साइट, स्टॅबिलायझर, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टक् वाजणारी पट्टी) यांची यादी दुकानदार वाचून दाखवेल. पहिले सहा महिने त्यातलं काहीही नको.

वापरलेलं घेत असाल तर

वापरलेलं घ्यायला माझी ना नाही. मुलं भराभर वाढतात, त्यामुळे चांगली शिकाऊ धनुष्यं वर्ष-दीड वर्षात बाजारात येतात. घेताना दोरी चढवून, धनुष्य मागून डोळ्याच्या रेषेत धरा. दोरी वरच्या लिम्बच्या मधोमध आणि खालच्या लिम्बच्या मधोमध गेली पाहिजे. एका बाजूला सरकलेली दिसली तर लिम्बला पीळ बसला आहे, सोडून द्या. मग कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून हळू फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे चीर सुरू झालेली असते. डोळ्यांना न दिसणारी चीरही कापूस दाखवतो. टोकांवरच्या खाचा, स्क्रूची भोकं बघा. दोरीचे धागे पिंजारलेले असतील तर फक्त दोरी बदला, ती स्वस्त असते. पण लाकडी शिकाऊ धनुष्याला डॅक्रॉनची, थोडी ताणणारी दोरीच लावा. न ताणणाऱ्या आधुनिक दोरीचा झटका जुन्या लिम्बच्या टोकांना सोसत नाही.

घरी आणल्यावर

दोरी चढवायला स्ट्रिंगरच वापरा. पायात अडकवून, मांडीवर वाकवून चढवण्याची पद्धत बरेच जण दाखवतात. त्याने लिम्बला पीळ बसतो, आणि हात निसटला तर लिम्ब तोंडावर येतो. लहान मुलाला हे काम एकट्याला देऊ नका. सराव संपला की रिकर्व्हची दोरी उतरवून ठेवायची.

उन्हाळ्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते, आणि लिम्बचे थर ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो सैल पडतो. पावसाळ्यात घरी आल्यावर धनुष्य आणि बाण कोरड्या फडक्याने पुसून, आडवं सपाट ठेवून वाळू द्या. बांबूचं धनुष्य ओलसर भिंतीला टेकवून उभं ठेवलं तर वाकून बसतं. दोरीला अधूनमधून मेण चोळा.

सराव कुठे, हा प्रश्न पालक मला चोरून विचारतात: गच्चीवर चालेल का? नाही. सोसायटीच्या आवारात, घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर, कुठेच नाही. १८-२० पाउंडांच्या धनुष्यातला बाण वर तोंड करून सुटला तर शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतो, आणि पलीकडे कोण चाललंय ते तुम्हाला दिसत नसतं. घरी फक्त रबरी पट्टा ओढून आरशासमोर सराव. तो रोज दहा मिनिटं केला तरी पाठ तयार होते.

मैदानावरच्या शिट्ट्या घरीच पाठ करून घ्या. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या. एक म्हणजे सुरू करा. तीन म्हणजे धनुष्य ठेवून बाण आणायला चला. आणि एकामागोमाग वाजतच राहिल्या तर ओढलेली दोरीसुद्धा परत आणून जागच्या जागी थांबा. लक्ष्याकडे पळत जायचं नाही, कारण रुतलेल्या बाणांची मागची टोकं नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. बाण उपटताना एक पंजा लक्ष्यावर दाबून धरायचा, आणि मागे कोणी उभं नाही ना ते आधी बघायचं.

पुढचे लिम्ब कधी

घाई मूल करेल, वर्गातल्या मित्राचे २० पाउंड झाले म्हणून. तेव्हा वरच्या दोन चाचण्या पुन्हा घ्या. सरावाच्या शेवटच्या फेरीतले बाण पहिल्या फेरीइतकेच एकत्र लागत असतील आणि दहा सेकंदांची चाचणी हसतखेळत होत असेल, तर लिम्ब बदला, आणि एका वेळी दोन पाउंडच वाढवा, फार तर चार. नवे लिम्ब आल्यावर पहिले दोन आठवडे अंतर कमी करून खेळायचं. परीक्षेच्या दिवसांत महिनाभर खंड पडला असेल तर जुने लिम्ब परत चढवून सुरुवात करायची, म्हणून ते लगेच विकू नका.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. दहाव्या वाढदिवसापासून प्रत्येक रेघेशेजारी मी अजून दोन आकडे लिहिते: पसरलेल्या हातांचं माप आणि तेव्हाच्या धनुष्याचा ताण. दर तीन महिन्यांनी, शाळेची सहामाही आणि सुट्ट्या लक्षात ठेवून. दुकानात फोन करायच्या आधी मी त्या चौकटीपाशी जाऊन उभी राहते आणि सगळ्यांत वरच्या रेघेशेजारचे आकडे वाचून दाखवते.